तिसरं कूपन

"दोन देऊ की तीन?" खिडकीतल्या मफलरवाल्यानं तिसऱ्यांदा विचारलं. "अकराला खिडकी बंद. बादमें बोलायचं नाही."

गोविंदाच्या मुठीत नोटा भिजल्या होत्या. सक्करदऱ्याच्या मैदानावर मेळा लागला होता आणि फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : दोन दिवसांची चार जेवणं, माणशी बारा रुपये, आगाऊ. पैसे वापस नाही. आत सुटी थाळी पाच रुपयांना. बारा रुपये म्हणजे कन्हानच्या कोळसा खाणीतली त्याची अख्खी एक पाळी.

"दोन," गोविंदा म्हणाला. "मी अन् बायको. मायची भाकर सोबत आहे."

त्याच्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. त्याच्या मायच्या, बायजाबाईच्या, तोंडात चार दात उरले होते. खायची अर्धी भाकर, तीही कुस्करून. शिवाय दुसऱ्याच्या घरचं वाढलेलं ती शिवत नसे. छप्पन साली याच नागपुरात तिनं दीक्षा घेतली. गावी परतली आणि लग्नाघरचं उरलंसुरलं आणायची टोपली तिनं चुलीत घातली. त्याला अठरा वर्षं झाली. मधे पाटलाच्या पोराचं लग्न झालं, पाटलानं माणूस पाठवून जेवायला बोलावलं, तर ही दार लावून आत बसली. अशा बाईसाठी जेवणाचं कूपन काढायचं म्हणजे पैसे तळ्यात फेकायचे.

"तीन घे," मागून बायजाबाई म्हणाली.

त्याची बायको कांताबाई गर्रकन वळली. "काहून जी, माय? अर्ध्या भाकरीचं पोट तुमचं. अख्खं कूपन कायले?"

"तीन घे म्हनलं ना."

कांताबाईचा चेहरा उतरला. तिसऱ्या कूपनाचे पैसे गेले की आकाशपाळणा गेला, मौत का कुआँ गेला. परतीच्या बसपुरतेच उरत होते. महिनाभर ती पाळण्याचंच बोलत होती. पाळण्यातून अख्खं नागपूर पाहून येते, असं कन्हानच्या शेजारणींना सांगून आली होती.

"राहू द्या मग पाळणा," ती नवऱ्याला म्हणाली. "लोकाईच्या बायका वर जातीन. मी खाली उभी राहून मान दुखवून घेईन."

"ओ भाऊ," रांगेतून कोणीतरी ओरडलं, "कूपन घेऊन राहिले का सोयरीक जमवून राहिले?"

रांग हसली. गोविंदाचे कान तापले. तो मायवर धावून गेल्यासारखा बोलला, "डोकं फिरलं का तुह्यं? आत चार लोकाईच्या हातचं वाढतीन. ते उतरन तुह्या घशाखाली? का पानावर बसून तमाशा करशील?"

"हे मांगून नाही आनलं," बायजाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुह्या घामाचं आहे. घे."

मफलरवाला खिडकीची फळी ओढायला लागला. गोविंदानं नोटा आत सारल्या आणि तीन कूपनं घेतली. कांताबाई तोंड फिरवून पुढं निघाली.

मांडवात लांबच लांब सतरंज्या अंथरल्या होत्या. पत्रावळी मांडल्या होत्या. कोणी गाव विचारलं नाही, कोणी आडनाव विचारलं नाही. तरी गोविंदा बाहेर पडायच्या वाटेकडं तोंड करूनच बसला. भीती कायद्यानं जात नाही. खाणीतली धूळ छातीत बसते तशी ती बसते.

बायजाबाई दोघांच्या मधे बसली. तिनं वरण-भाताचे दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

भाताची बादली घेऊन वाढपी आला. बनियन घामानं चिकटलेलं. वाकून म्हणाला, "वाढू का, आजी?"

"पुरे."

तो पुढं गेला. तीन पानंही झाली नसतील, बायजाबाईनं हाक मारली, "ओ बापू, इकडे ये."

तो परत आला, वाकला. "भात?"

तिनं पानावर आडवा हात धरला. "पुरे."

तिनं त्याला पुन्हा बोलावलं. पुन्हा पुरे. आता शेजारची माणसं खायचं सोडून पाहू लागली. एका बाईनं तोंडाला पदर लावला. समोरच्या टोपीवाल्यानं शेजाऱ्याला कोपर मारलं.

"पाहा तुमची माय," कांताबाई दातओठ खात म्हणाली. "माहा पाळणा खाल्ला, अन् आता भात बी खाऊन नाही राहिली."

"जेव," गोविंदा कुजबुजला. "जेव, नाही तर ऊठ. हाकलतीन आपल्याले इथून."

"ओ बापू," बायजाबाईनं तिसऱ्यांदा हाक मारली.

वाढप्यानं बादली धाडकन खाली ठेवली. "घ्यायचं नाही तर बोलावता काहून, आजी? मजाक करून राहिल्या का माझी?"

बायजाबाईनं त्याच्याकडं मान वर करून पाहिलं. पानावर धरलेला हात तिनं काढला नाही.

"मजाक नाही, बापू. चाळीस वर्सं मांडवाबाहेर बसली मी, लोकाईच्या पंगती उठाची वाट पाहात. वरून पडन ते पदरात घेतलं. पुरे म्हनाची पाळी कधी आलीच नाही. अजून एकडाव विचार."