निळा डोळा

रविराजनं बॅग न उघडताच आईच्या पुढ्यात ठेवली, आणि त्याची बायको निकिता पोरीला खांद्यावर घेऊन पुढं सरकली.

सुप्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीनं त्याला दीड महिना इराणला पाठवलं होतं, यझ्द नावाच्या वाळवंटातल्या शहरात टाइल्सची मशीन बसवायला. तिथल्या बाजारात काय काय मिळतं ते निकितानं मोबाईलवर बघून ठेवलेलं. पण सांगितलं एकच. "मला काही नको. बाळाला तेवढा निळ्या डोळ्याचा मणी आणा." पोर सातव्या महिन्यातच झालेली. अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. अजूनही ती झोपली की निकिता तिच्या नाकापुढं बोट धरून श्वास बघायची. बी.एस्सी. झालेली बाई, मण्यात काही नसतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तो हवा होता.

बाहेरून आलेली वस्तू आधी देवापुढं, मग थोरल्या बाईच्या हातानं सगळ्यांना, ही घरची रीत. निकिताच्या सासूबाई, म्हणजे छबूबाई, एकेक जिन्नस काढून कुंकू लावत होत्या. जरीच्या कोयऱ्यांचं कापड सासरी दिलेल्या लेकीला. निळी चकचकीत वाटी देवघरात. बदामाच्या मिठाईचा डबा भावकीत वाटायला. तळाशी कागदाची पुडी निघाली. पुडीत बोराएवढा निळा मणी, मधे पांढरा डोळा.

"ह्यो काय रं?"

"नजर लागू नये म्हणून बांधतात तिकडं. लेकरांना," रविराज म्हणाला.

"मंग आमच्या राजाला!" छबूबाई म्हणाल्या. थोरली सून मोनिका शेजारीच बसली होती. छबूबाईंनी तिच्या मांडीवरच्या नातवाच्या मनगटाला मणी बांधूनसुद्धा टाकला. "लई डोळं हैत माझ्या वाघावर."

"आत्या, तो मी बाळासाठी मागवला होता," निकिता सासूला म्हणाली.

"तिला हाय की काळा दोरा." छबूबाईंनी निकिताच्या खांद्यावरच्या पोरीकडं पाहिलंही नाही. "आन् हिला गं कोन नजर लावतंय? मूठभर तर जीव."

मोनिका पदराआड हसली.

निकितानं नवऱ्याकडं पाहिलं. तो रिकाम्या बॅगेची चेन लावत होता, उघडत होता. "पुढच्या वेळी आणतो ना," तो म्हणाला. "दोन आणतो."

दिवेलागणीला छबूबाई मीठ-मोहरीची वाटी घेऊन ओट्यावर आल्या. मोनिकाच्या मांडीवरच्या पोरावरून त्यांनी मूठ उतरवली. "आल्याची, गेल्याची, शेजारनीची, वाटंनं जानाराची." मूठ अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीत टाकली. निखाऱ्यावर मोहरी तडतडली.

"बघ, किती लागली हुती!"

"वाटीत उरलीय का, आत्या?" निकितानं विचारलं.

"हाय चिमूटभर. घे."

निकिता तिथंच, सगळ्यांच्या मधोमध बसली. पोरीला मांडीवर आडवी घेतली, आधी नाकापुढं बोट धरलं, मग मूठ वळली. आल्यागेल्याचं नाव तिनं घेतलंच नाही.

"आजीची," ती म्हणाली. मूठ डोक्यापासून पायापर्यंत गेली.

मोनिका मान वळवून बघायला लागली.

"चुलतीची."

"ए बये, याड लागलं का काय तुला?" छबूबाई उठल्याच. "घरच्यांची नावं घेत्यात व्हय?"

निकितानं मान वर केली नाही. तिसऱ्या फेरीला मूठ पोरीच्या कपाळापाशी थांबली. ओट्याच्या कडेला बसलेल्या रविराजनं मोबाईल खाली केला होता, तो तिच्याकडंच बघत होता.

"बापाची," ती म्हणाली, आणि ती फेरी तेवढी दोनदा काढली.