कापलेली वाक्यं

मुलं घरी गेल्यावर गैरिका चित्रकलेच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसली आणि तिनं कागदावर एक पेरू रंगवला. समोरच्या पडद्यावर बाबांचे हात हलले.

"सावली फार काळी झाली. पाणी घाल थोडं, घाबरतेस काय!"

बाबांना, म्हणजे शाळेच्या देवळेकर सरांना, जाऊन वर्ष झालं होतं, तरी शाळेत चित्रकला तेच शिकवत होते. त्यांच्या धड्यांच्या व्हिडिओंवरून संगणकानं घडवलेले हे पडद्यावरचे सर प्रत्येकाचं चित्र पाहत, चुका सांगत, चिडवतही.

ते व्हिडिओ गैरिकानंच काढले होते. "गैरू, कॅमेरा हलतोय. गैरू, चहा झाला का गं?" असं बाबा मधेच म्हणायचे. मुलांना त्याचा काय उपयोग, म्हणून तिनं ती वाक्यं दर वेळी कापून टाकली होती. आता ती कुठेच नव्हती.

तिनं ब्रश पाण्यात बुडवला. सावली हळूहळू फिकी झाली.

"वा! नवीन दिसतेस. नाव काय तुझं?"

"गैरिका."

"म्हणजे गेरूचा रंग." पडद्यावरचे हात क्षणभर थांबले. "सुरेख नाव आहे. कुणी ठेवलं?"