मॉनिटरची पारख

म्हाताऱ्याच्या यादीत मॉनिटर पहिला होता. यादी त्याने स्वतः मार्करने लिहिली होती, बोटाएवढ्या अक्षरांत. एका कागदावर दोन-तीनच वस्तू मावल्या होत्या, म्हणून कागद चार झाले होते. मुलाची यादी मोबाइलमध्ये होती आणि तिच्यात ग्राफिक्स कार्ड पहिलं होतं.

काउंटरपलीकडे कॉम्प्युटर जोडून देणारी बाई होती. म्हातारा तिच्याशी बोलताना तिच्या कानापलीकडे बघत होता. तिने एकदा मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. मग मुलानेच खुलासा केला, की बाबांच्या नजरेत मधोमध डाग पडलाय, समोरचं पुसून जातं, कडेकडेचं तेवढं दिसतं. आणि तेही, डॉक्टर म्हणतात, फार तर वर्षभर. बाप शेजारी उभा असताना, गाडीच्या टायरबद्दल सांगावं तसं त्याने हे सांगितलं.

म्हातारा आयुष्यभर जुने फोटो दुरुस्त करत आला होता. फाटलेले, ओल लागलेले, पाकिटात घड्या पडलेले. घरचा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा सात फोटो अर्धवट राहिले होते. ते त्याला पुरे करायचे होते, असं त्याने बाईला सांगितलं. मुलाला गेम खेळायचे होते. दोघांचं एकाच मशीनमध्ये भागवायचं, असं घरून ठरवून आले होते. पैसे म्हाताऱ्याचे होते.

निम्मी खरेदी न भांडता झाली. प्रोसेसर दोघांनाही चालला. रॅम थोडी वाढवा, असं बाई म्हणाली, ती वाढवली. कॅबिनेट मुलाने काचेचं घेतलं, आत रंगीत दिवे लागणारं. लागू देत, म्हातारा म्हणाला, तेवढे तरी मला दिसतील. पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नका, बाकी सगळं त्याच्या जिवावर आहे, असं बाईने बजावलं तेव्हा बापलेकांनी एकदमच माना डोलावल्या.

मग अडलं. उरलेल्या पैशांत एकच वस्तू चांगली बसत होती. रंग खरे दाखवणारा मॉनिटर, नाहीतर गेमसाठी दमदार कार्ड आणि सोबत स्वस्तातला मॉनिटर. बाईने मधला मार्ग सुचवला. मॉनिटर काकांच्या पसंतीचा घ्या, कार्ड सध्या साधं घाला. पुढच्या वर्षी मोठं टाकता येईल.

"पुढच्या वर्षी बाबांना मॉनिटर काय करायचाय?" मुलगा म्हणाला.

आवाज त्याने चढवला नव्हता. शेजारच्या गिऱ्हाइकाने हातातला कीबोर्ड खाली ठेवला.

दोन्ही मॉनिटर शेजारी शेजारी लावा, एवढंच म्हाताऱ्याने सांगितलं, आणि खिशातून पेनड्राइव्ह काढून दिला. दोन्हीकडे एका बाईचा चेहरा उमटला, एक गाल दुरुस्त झालेला, एक राहिलेला. म्हाताऱ्याने नाक काचेला टेकेल इतकं पुढे नेलं आणि मान तिरकी करून, कोंबडा दाणा बघतो तसं, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे.

डावा मॉनिटर गाल नारिंगी करतो, तो म्हणाला. उजवा खरा.

बरोबर होतं. डावा स्वस्तातला होता.

डोळ्यांत थेंब घालायचे होते म्हणून तो भिंत चाचपत मागच्या बेसिनकडे गेला. तो वळताच मुलाने बाईला दोन्ही मॉनिटरच्या जागा बदलायला सांगितल्या. ती नको म्हणाली. गल्ल्यावरून मालक म्हणाला, करा हो, गिऱ्हाईक सांगतंय तर. तिने मॉनिटर उचलून इकडचा तिकडे केला. वायरी खोचताना तिने मान वर केली नाही.

म्हातारा परत आला. एकदा शेवटचं बघून घ्या बाबा, मुलगा लाडाने म्हणाला, नंतर परत घेत नाहीत. म्हातारा पुन्हा वाकला. या वेळी त्याने फार वेळ लावला. मग उभा राहिला आणि उजव्या मॉनिटरवर हात ठेवला.

"हाच."

मुलगा हसला. शेजारचं गिऱ्हाईकही हसलं.

"हा स्वस्तातला आहे, बाबा. तुम्ही तिकडे गेलात तेवढ्यात बदलला. फरकच कळत नसेल, तर कशाला उगाच हट्ट?"

म्हाताऱ्याने मान हलवली. खरंय, म्हणाला, स्वस्तातलाच घे. मुलाने मोठं कार्ड लिहून घ्यायला लावलं, बापाच्या पाठीवर थाप मारली आणि तो गाडी आणायला गेला.

बाई वायरी गुंडाळत बसली. मग हळूच म्हणाली, की काका, माझं चुकलं, मालक बोलले म्हणून केलं.

"वाकलो तेव्हाच कळलं," म्हातारा म्हणाला. "फोटोतल्या बाईचे गाल नारिंगी झाले होते."

तिचे हात थांबले. बिल अजून झालेलं नाही, ती म्हणाली, मुलगा यायच्या आत बदलून देते. आणि तुमच्या त्या सात फोटोंचं काय?

"त्यातली माणसं कधीच गेलीत. त्यांना घाई नाही."

त्याने चारही कागद एकावर एक ठेवले, नीट घडी घातली.

"आता वर्षभर त्याला वाटू दे, म्हाताऱ्याला काही दिसत नाही," तो तिच्या कानापलीकडे बघत म्हणाला. "मला बघायचंय."