आधीच आलेलं हसू

थाई सिरीजमधला हिरो तळ्यात पडायच्या आधीच ओजस हसला, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या बॉयफ्रेंडने, पुष्करने, एपिसोड थांबवला. त्यांचा नियमच होता, नवा एपिसोड दोघांनी मिळूनच बघायचा.

"पाहिलायस ना हा? कुणाबरोबर?"

एकटाच पाहिला म्हणून ओजसला सुटता आलं असतं. पण तो हिरो कितीतरी भाग आपल्या बॉयफ्रेंडला थापा मारत होता, आणि हे दोघं त्याला मनसोक्त शिव्या घालत होते.

"अन्वयकडे," तो म्हणाला. अन्वय म्हणजे त्याचा जुना बॉयफ्रेंड. "त्याने किस केलं. मीही केलं रे. मग लाज वाटली, एपिसोड अर्धाच टाकून निघालो."

ओजस मनातल्या मनात बॅग भरायला लागला.

"राग आलाय मला, गाढवा. आठवडाभर तरी राहील," पुष्कर शेवटी म्हणाला. "पण थाप मारली असतीस ना, तर कायमचा गेलो असतो."

मग त्याने दोघांच्या मध्ये उशी ठेवली आणि उरलेला एपिसोड लावला. ओजसचे डोळे भरून आले. मध्ये फक्त उशीच आली, म्हणून त्याला तिच्या पाया पडावंसं वाटलं.