बोटांवरचा लेप

निवृत्तीच्या दिवशी सुमित्रा ढवळे बोटांवरचा लेप काढून घ्यायला कारखान्याच्या दवाखान्यात गेल्या. एकवीस वर्षांपूर्वी कंपनीने त्यांच्या दहाही बोटांवर केसाहून पातळ असा सिरॅमिकचा थर चढवला होता. त्या बोटांनी त्यांनी विमानाच्या इंजिनांची लालबुंद पाती भट्टीतून उचलली. चटका कधी बसला नाही, पण ऊब आणि गारवाही कळेनासा झाला. लेकीच्या अंगात ताप आहे का, हे हात लावून त्यांना कधी सांगता आलं नाही.

डॉक्टर नजर चुकवत म्हणाले, "मावशी, लेप काढायची पद्धतच नाहीये. तो कातडीशी एकजीव होतो."

"हे आत्ता कळलं तुम्हाला?"

"नाही, तेव्हाही माहीत होतं. पुढे शोधून काढू, असं कंपनीला वाटलं होतं."

"वाटलं होतं? आणि निवृत्तीला लेप काढून देऊ, असं आम्हाला चक्क लिहून दिलंत! नवे लेप शोधायला तीन प्रयोगशाळा, आणि काढायचं शोधायला एक माणूस नाही तुमच्याकडे?"

निरोपाच्या समारंभाला न जाता सुमित्राबाई थेट लेप विभागात शिरल्या. तिथे नव्याने भरती झालेल्या अकरा मुली बाह्या वर सारून रांगेत उभ्या होत्या.

"पोरींनो, हा लेप निघत नाही!" त्या ओरडल्या. "डॉक्टरांनी आत्ता माझ्यासमोर कबूल केलंय. जा, विचारा त्यांना."

पहिल्या मुलीने यंत्रापुढे धरलेले हात झटकन मागे घेतले. सुपरवायझर धावत आला, तोवर अकराही जणी दवाखान्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या.