नवा ट्रिगर

जावयाच्या पिस्तुलाचा ट्रिगर पार झिजला होता. बंदुका दुरुस्त करण्यात हयात घालवलेले तात्या नवा ट्रिगर कानशीने घासून बसवत होते. शेजारी बसलेली लेक हळूच म्हणाली, "तात्या, मला परत नाही जायचं. हात उगारतात ते."

तात्यांनी मान वर केली नाही. "नवा भाग बसत नसेल तर नव्यालाच घासायचं असतं, पोरी. जुन्याला हात लावायचा नाही. संसाराचंही तसंच."

महिना सरायच्या आत लेक गेली. त्याच पिस्तुलाच्या गोळीने.

"जावई म्हणतात, गोळी चुकून सुटली," फौजदारांनी तात्यांना विचारलं. "ट्रिगर नीट बसवला नव्हता का तुम्ही?"



"नीटच बसवला होता, साहेब. नव्यालाच घासलं. जुन्याला हातसुद्धा लावला नाही."