रोजचा बिघाड

स्क्रीनवर आज नुसत्या आडव्या रेघा होत्या. काल चित्र ठीक होतं, पण आवाज गेला होता. परवा चित्र आणि आवाज दोन्ही होतं, फक्त नाणं टाकलं तरी खेळ सुरू होत नव्हता.

"जुनं दुखणं बरं झालं की नवीन हजर," दत्तप्रसाद म्हणाले आणि मशीनची मागची फळी काढून त्यांनी मल्टिमीटर हातात घेतला. आधी बोर्डाला पाच व्होल्ट पोचतायत का ते बघायचं, मग बाकीचं, ही त्यांची पूर्वीपासूनची पद्धत. त्यांचा मुलगा सुदर्शन टॉर्च धरून शेजारी उभा होता. उभा म्हणजे सारखा या पायावरून त्या पायावर.

बिघाड कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. काल दुपारी अण्णा, म्हणजे वडील, झोपल्यावर त्यानेच बोर्डावरच्या एका आयसी चिपचा पाय सॉकेटमधून उचकटून आत दुमडून ठेवला होता.

हे दिवाळीपासून चाललं होतं. दत्तप्रसाद एके काळी पेठांमधल्या व्हिडिओ गेम पार्लरची मशीनं दुरुस्त करायचे. पार्लरं बंद पडली, मग टीव्ही, मग तेही सुटलं. बायको गेल्यावर त्यांचं बोलणंही कमी झालं. शेवटी सुदर्शनची बायको नंदा सासऱ्यांना सदाशिव पेठेतल्या डॉक्टर निशा ओगल्यांकडे घेऊन गेली आणि परत आल्यावर तिने सुदर्शनला समोर बसवलं. मनाचं दुखणं आहे, हाताला रोज काम हवं, कुणीतरी सतत सोबत हवं. खोलीचं दार लावून एकटं बसू द्यायचं नाही. नंदाची बँक होती. सुदर्शनला कंपनीने नुकतंच कामावरून काढलं होतं. म्हणजे घरी तोच.

"अण्णांचं एवढं तू बघ," नंदा म्हणाली.

वारज्याला अण्णांच्या ओळखीच्या साईनाथच्या गोदामात एक बंद पडलेलं मशीन धूळ खात होतं. सुदर्शनने ते टेम्पोत घालून घरी आणलं. नारायण पेठेतल्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवताना हमालांनी त्याला जे काही ऐकवलं, तेही त्याने ऐकून घेतलं. बापलेकांनी मिळून बोर्ड धुतला, गंजलेली जोडणी घासली, फुगलेले कपॅसिटर बदलले. एक दिवस मशीन सुरू झालं. दत्तप्रसाद खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "झालं. आता काय?"

ते 'आता काय' सुदर्शनच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने जोडणीच्या एका पट्टीवर सेलोटेपचा बारीक तुकडा चिकटवला. तेव्हापासून एकही दिवस चुकला नव्हता.

सकाळचा चहा झाला की दत्तप्रसाद मशीनचं बटण दाबत आणि काय झालंय ते बघत. तेवढा वेळ सुदर्शनचं मन थाऱ्यावर असे. बाकी दिवसभर त्याला एका जागी बसवत नसे. फोन उचलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. गॅलरीत जायचं, परत यायचं. ताटातली पोळी तशीच राहायची. सुरुवातीला त्याने काही मुलाखती दिल्या, नंतर अण्णांना एकटं सोडता येत नाही म्हणून तेही थांबवलं. दर गुरुवारी नंदा अण्णांना डॉक्टरकडे न्यायची. मीही येतो, असं तो एकदा म्हणाला, तर नंदाने सांगितलं की त्याच्यासमोर अण्णा मोकळेपणी बोलणार नाहीत. ते त्याला पटलं.

सोपे बिघाड अण्णा लगेच पकडू लागले, तेव्हा त्याने बोर्डावरची तांब्याची केसाएवढी रेघ ब्लेडने कापून वर रंगाचा ठिपका दिला. ती शोधायला त्यांना दोन दिवस लागले.

"कुणीतरी फार मन लावून केलंय हे," दत्तप्रसाद भिंगातून बघत म्हणाले. सुदर्शनने टॉर्च दुसऱ्या हातात घेतला.

मार्चमध्ये त्याची तगमग एकाएकी थांबली. फोन दिवसभर टेबलावर पडून राहू लागला. एका रविवारी त्याने नंदाला बँकेचं, विम्याचं, फ्लॅटच्या कागदांचं सगळं नीट समजावून सांगितलं. हे आत्ताच कशाला, असं तिने विचारलं. पुणं सोडावं लागेल बहुतेक, तुला माहीत असलेलं बरं, असं तो म्हणाला. त्या आठवड्यात त्याला झोपही छान लागली.

बुधवारी दुपारी तो ब्लेड घेऊन मशीनमागे बसला. बराच वेळ बसला. मग काहीच न करता त्याने फळी लावली आणि स्क्रू घट्ट केले. आता एवढंच उरलं होतं, अण्णांची काहीतरी सोय.

गुरुवारी सकाळी अण्णांचा चहा व्हायच्या आत तो बाहेर पडला आणि चालत डॉक्टरांकडे गेला. दवाखाना अजून उघडायचा होता. तो पायरीवर बसून राहिला. नंतर त्याने नाव सांगितलं आणि बराच वेळ थांबल्यावर त्याला आत बोलावलं.

"मी दत्तप्रसादांचा मुलगा. मला लांब जावं लागणार आहे," तो म्हणाला. "माझ्यामागे अण्णांना कसं सांभाळायचं ते विचारायला आलोय. नंदाला एकटीला झेपेल असं काहीतरी सांगा."

"कुठे जाताय?"

"ठरलंय सगळं," तो म्हणाला.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

"सुदर्शन, तुमच्या वडिलांना काहीही झालेलं नाही. दिवाळीपासून ते दर गुरुवारी तुमच्यासाठी येतायत. मुलगा मशीन रोज बिघडवतोय तोवर धीर धरा, ज्या दिवशी बिघडलेलं नसेल त्या दिवशी मला लगेच फोन करा, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. आज बटण दाबल्याबरोबर ते सुरू झालं आणि त्यांनी मला फोन केला. तुम्ही इथेच बसलाय हे मीच त्यांना सांगितलं. ते आणि नंदा बाहेर आलेत."